डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये?

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत वरिष्ठ पदावर असलेल्या अधिकारी बाईंचं हे पत्र आहे. नाव, जिल्हा आणि पद गाळलं आहे. त्यांच्या निवृत्तीला साडेतीन वर्षं उरली आहेत आणि ई-ऑफिसची, म्हणजे फायली कागदाऐवजी संगणकावर चालवायच्या प्रणालीची, अंमलबजावणी त्यांच्याकडे आहे. नवे सीईओ एकतीस वर्षांचे, हुशार आणि घाईतले. दर सोमवारच्या आढाव्यात विभागवार टक्केवारी पडद्यावर येते आणि बाईंचा विभाग खालून दुसरा असतो. कर्मचारी फाईल आधी कागदावर फिरवतात आणि सगळ्या सह्या झाल्या की स्कॅन करून चढवतात. बाईंच्या मते याचं मूळ एका वरिष्ठ सहायकात आहे. सगळं ऑफिस त्यांना ‘मामा’ म्हणतं. चौदा महिन्यांनी ते निवृत्त होतील. ते ई-ऑफिसला हात लावत नाहीत आणि त्यांच्याकडे बघून बाकीचेही लावत नाहीत. सीईओंनी मामांना नोटीस काढायला सांगितलं आहे. पण पंचवीस वर्षांपूर्वी, पहिल्याच नेमणुकीत, बाईंना टिपणी लिहायला याच मामांनी शिकवलं होतं. याआधी एका कनिष्ठ सहायकाला अशीच नोटीस गेली होती, कारण त्याच्या लॉगिनला ४३ फायली प्रलंबित दिसत होत्या. नंतर कळलं की त्या आधीच्या माणसाच्या काळातल्या होत्या. बाई विचारतात, ‘मामांवर कारवाई करून मोकळं व्हावं, की आमच्या पिढीला हे जमणार नाही असं समजून स्वेच्छानिवृत्ती घ्यावी?’

ताई,

पत्र आठ पानी, हातानं लिहिलेलं, समास सोडलेला, मुद्द्यांना क्रमांक दिलेले. मामांनी चांगलं शिकवलंय.

सातव्या पानावर तुम्ही कंसात एक वाक्य टाकलंय: ‘माझ्याकडून काही अडत नाही, ऑपरेटर हुशार आहे, डोंगल त्याच्याच ड्रॉवरमध्ये असतं.’ डोंगल, म्हणजे तुमच्या डिजिटल सहीची किल्ली असलेलं ते पेनड्राइव्हसारखं यंत्र. बाकीच्या सगळ्या पानांचं उत्तर मला त्या कंसात सापडलं. म्हणून तिथूनच सुरू करतो. राग मानू नका.

तुमच्या विभागातली माणसं रोज काय बघत असतील? फाईल तुमच्या लॉगिनला जाते. ऑपरेटर ती उघडतो, प्रिंट काढतो आणि प्रिंट तुमच्या टेबलावर येते. तुम्ही वाचता, पेनानं दुरुस्ती करता, ‘चर्चा करावी’ असा शेरा मारता. चर्चा होते. मग ऑपरेटर डोंगल लावतो, पिन टाकतो आणि तुमच्या नावानं ‘मान्य’ करून पुढे पाठवतो. मामा आधी कागद फिरवतात आणि नंतर स्कॅन करतात. तुम्ही आधी स्क्रीनवर घेता आणि नंतर कागद करता. फरक फक्त क्रमाचा राहिला. ऑफिसातला माणूस परिपत्रक वाचत नाही हो, साहेबाचं टेबल वाचतो. तुमच्या टेबलावर जोवर प्रिंटचा गठ्ठा आहे, तोवर खाली कुणीही कागद सोडणार नाही, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही.

हे मी वरच्या पाटावर बसून सांगत नाही. माझ्या नोकरीत संगणक आला तेव्हा त्याला वेगळी खोली, एसी आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम होता. देवघरच जणू. पुढे ईमेल आले तर मी त्यांच्या प्रिंट काढायला लावायचो, त्यावर हिरव्या शाईनं शेरा मारायचो आणि तो कागद शिपायाच्या हाती गेला की शेरा बघून उत्तर कुणीतरी दुसरंच टाइप करायचं. सहा वर्षं मी ‘संगणकीकरण झालेला’ अधिकारी होतो. हिरवी शाई सुटत नव्हती, बस.

डोंगलचं मात्र शाईसारखं नाही. ती तुमची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ज्याची डिजिटल सही आहे त्यानं तिची किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी घ्यायची असते. ती दुसऱ्याच्या हाती गेली असेल तर सही देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं असतं. ऑपरेटर प्रामाणिक आहे हे मला मान्य. पण तो बाह्यस्रोतावरचा, कंत्राटी पोरगा आहे. उद्या एखाद्या गुत्तेदाराच्या बिलावर तुमच्या नावानं मान्यता निघाली आणि चौकशी बसली, तर तुम्ही म्हणाल ‘मी केली नाही’ आणि तो म्हणेल ‘मॅडमनीच सांगितलं’. दोघंही खरं बोलत असाल आणि दोघंही बुडाल. सह्या करून ठेवलेलं चेकबुक तुम्ही कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं का?

तेव्हा पहिलं काम मामांच्या नोटिशीचं नाही. आज संध्याकाळी डोंगल पर्समध्ये घालून घरी न्या आणि पिन बदला. उद्यापासून दिवसातली पहिली पाच प्रकरणं स्वतः उघडा, स्वतः वाचा, स्वतः टाइप करा. वेळ लागेल, मराठी टंकलेखनात जोडाक्षरं अडतील. बोलून टाइप करायची सोय आता फोनमध्येही आहे, ती वापरा. आणि हे केबिनचं दार लावून करू नका. तुम्ही पत्रात ज्या मुलीचा उल्लेख केलाय, अनुकंपावर लागलेली आणि ई-ऑफिस सफाईनं चालवणारी, तिच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसा. ‘हे कसं करायचं गं, दाखव’ असं सगळ्यांसमोर विचारा. आपल्याकडे बाई अधिकारी असली की ‘मॅडमला काही येत नाही’ हे वाक्य तयारच असतं, त्याची धास्ती मला समजते. पण आज ते तुमच्या पाठीमागे बोललं जातंच आहे. शिकताना दिसलात तर निदान ते अर्ध्यावर तरी येईल.

आता ‘आमच्या पिढीला हे जमणार नाही’ याबद्दल.

मराठवाड्यातल्या माणसानं तरी हे म्हणू नये. निजामाच्या काळात इथल्या जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ होता आणि दप्तर उर्दूत चालायचं. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. चौदा वर्षांत चार वेळा राज्य, कायदा, नमुने, वरिष्ठ आणि भाषा यांतलं काही ना काही बदललं. ज्या कारकुनानं नोकरीची सुरुवात उर्दूत केली, त्यानं निवृत्तीआधी मराठीत टिपण्या लिहिल्या. त्याला कुणी ना प्रशिक्षण दिलं ना डॅशबोर्ड दाखवला. जमलं की नाही?

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती तुमच्या जास्त कामाची आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जुन्या दप्तरांचे गठ्ठे पुन्हा उघडले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. कागद होते, पण ते वाचणारे गेले होते. पद्धत बदलताना जुनी पद्धत जाणणाऱ्यांचं ज्ञान कुणी उतरवून घेतलं नाही, त्याचं बिल सत्तर वर्षांनी आलं.

तुमचे मामा चौदा महिन्यांनी जाणार आहेत. कुठल्या शाळेच्या जागेचं बक्षीसपत्र कुठल्या कपाटात आहे, कुठल्या पाझर तलावाचं काम कुठल्या वर्षी कुणी अर्धवट सोडलं, कुठल्या न्यायालयीन प्रकरणात आपलं शपथपत्र कधी गेलं, हे त्यांना तोंडपाठ आहे असं तुम्हीच लिहिलंय. ई-ऑफिसच्या कुठल्या रकान्यात ते आहे? नोटीस देऊन मामांना गप्प केलंत तर टक्केवारी कदाचित वाढेल. पुढच्या पावसाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातली तारीख येईल तेव्हा कपाटासमोर उभं राहून कुणाला फोन करणार?

मामा ई-ऑफिसला हात का लावत नाहीत, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्रात कुठे दिसलं नाही. ‘विरोध करतात’ एवढंच आहे. मी तुमच्या मामांना ओळखत नाही, पण अशा पंधरावीस मामांबरोबर नोकरी केली आहे. यंत्राची भीती त्यातल्या थोड्यांनाच असते. फोनवर नातवाशी व्हिडिओ कॉल करणारा माणूस माउसला भीत नाही.

आठवा बरं, त्यांनी तुम्हाला टिपणी लिहायला कशी शिकवली? पैज लावतो, आधी पेन्सिलीत. पेन्सिलीत लिहायचं, साहेबांना दाखवायचं, साहेब ‘हे वाक्य काढ, अमुक शासन निर्णयाचा संदर्भ टाक’ म्हणायचे, मग खोडून, नीट करून, शाईनं. त्या खोडरबरात सगळं संरक्षण होतं. खालच्या माणसाचं मत आणि वरच्याचा निर्णय वेगळा निघाला तर भांडण कागदावर यायचं नाही. चूक झाली तर ती टेबलावरच मिटायची. आता मामांना वाटतं की एकदा टाइप केलं की नाव, तारीख, तास आणि मिनिटासकट ते दगडावर कोरलं गेलं. चौदा महिने राहिलेल्या माणसानं आपल्या नावावर असं काही का कोरून घ्यावं?

ई-ऑफिसमध्ये हिरवी नोट असते तशी पिवळी नोटही असते, हे त्यांना कुणी सांगितलंय का? हिरवी म्हणजे कायमची. पिवळी म्हणजे कच्ची, जी वरच्यानं बघून सुधारता येते, काढून टाकता येते. मामांची पेन्सिलच ती, रंग तेवढा बदललाय. प्रशिक्षणात हे बहुतेक सांगितलं गेलं असेल, पण स्लाइड क्रमांक सत्तावन्नवर, जेवणानंतर. तुम्ही स्वतः सांगा. ‘मामा, तुम्ही मला पेन्सिलीत शिकवलं, ही बघा इथली पेन्सिल’ असं म्हणून एक प्रकरण त्यांच्यासमोर पिवळ्या नोटेवर करून दाखवा. आणि त्याबरोबर शब्द द्या की खालच्या माणसानं वेगळं मत लिहिलं म्हणून त्याला त्रास होणार नाही, तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही कारण लिहून वेगळा निर्णय घ्याल. हा शब्द पाळता येणार नसेल तर देऊ नका. मग पिवळी नोटही कामाची नाही.

मामांना दुसरं एक काम द्या, खरंखुरं. तुमच्याकडे सध्या हाताला लागेल ते स्कॅन होतंय असं दिसतं. अभिलेखांचे अ, ब, क, ड हे वर्ग कशासाठी आहेत? ‘अ’ कायमचं, ‘ब’ तीस वर्षांचं, ‘ड’ तर वर्षभरानंतर नष्टच करायचं. सहा गठ्ठे पद्धत तुम्हाला त्यांनीच शिकवली असणार. मग ‘ड’ मधली रजेच्या अर्जांची पोतडी स्कॅन करायला माणसं आणि पैसे का लावताय? कुठलं दप्तर आधी चढवायचं, कुठलं नुसतं यादीत घ्यायचं आणि कुठलं नियमानं निकाली काढायचं, हे ठरवणारा माणूस तुमच्याकडे आहे आणि तुम्ही त्याला नोटीस द्यायला निघालात. दिवसातला एक तास ती अनुकंपावाली मुलगी आणि मामा एकत्र बसू द्या. मामा सांगतील, ती यादी करेल. पण एक पथ्य: ती मामांची टायपिस्ट होता कामा नये. मामांचं लॉगिन मामाच वापरतील, दिवसाला दोन प्रकरणं का असेनात. नाहीतर तुमच्या ऑपरेटरची दुसरी आवृत्ती तयार होईल.

नोटीस मुळीच द्यायची नाही, असं मी म्हणत नाही. एवढं सगळं करून, तीन महिने वाट बघून, मामांनी मुद्दाम अडवणूक केली तर लेखी द्यावंच लागेल. गुरुभक्ती आपल्या जागी आणि पगार आपल्या जागी. मात्र पाऊल उचलण्याआधी एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. शिस्त व अपील नियमांखाली सुरू झालेली विभागीय चौकशी निवृत्तीच्या दिवशी प्रलंबित राहिली तर उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम अडकते, निवृत्तिवेतन तात्पुरतं मिळतं. टक्केवारीच्या एका सोमवारसाठी एवढी किंमत मोजायला लावावी असा हा गुन्हा आहे का, ते तुम्ही ठरवा. मला नाही वाटत.

दुसरी नोटीस, त्या कनिष्ठ सहायकाला दिलेली, मला जास्त टोचली. तुम्ही लिहिलंय, ‘नंतर कळलं, विषय संपवला.’ कसा संपवला? त्याच्या हातात नोटिशीचा कागद आहे. ती मागे घेतल्याचा कागद आहे का? ई-ऑफिसमध्ये खातं पदाला जोडलेलं असतं, म्हणून माणूस बदलला तरी फायली त्याच पदावर पडून राहतात. नवा आलेला पोरगा रुजू झाल्या दिवशीच ४३ फायलींचा थकबाकीदार होतो. हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं, ते तुम्हाला माहीत असायला हवं होतं. उद्याच लेखी मागे घ्या, आणि ज्या बैठकीत त्याचं नाव पडद्यावर आलं होतं त्याच बैठकीत तसं सांगा. यापुढे कार्यभार देताघेता लॉगिनमधल्या फायलींची यादी दोघांच्या सहीनं झाली पाहिजे, चाव्या-शिक्क्यांची होते तशी.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? ब्रिटनमध्ये पोस्ट खात्यानं १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली आणली. गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या गल्ल्यात तूट दिसू लागली. ते सांगत होते की हिशेब यंत्राचा चुकतोय. वरचे म्हणत होते, यंत्र चुकत नाही. ९०० हून अधिक लोकांवर चोरी-अफरातफरीचे गुन्हे शाबीत झाले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीतच दोष होते हे न्यायालयात सिद्ध व्हायला वीस वर्षं लागली आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तिथल्या वरिष्ठांकडे हुशार माणसांची कमी नव्हती. पडदा एक सांगतो आणि माणूस दुसरं सांगतो, तेव्हा खुर्चीतून उठून बघायला जाणारा कुणी नव्हता. तुमच्या ४३ फायली त्याच जातीच्या आहेत, फक्त लहान.

आता सीईओ. तुमच्या पत्रात ते थोडे खलनायकासारखे उतरलेत. त्यांच्या बाजूनंही बघा. २०२५ मध्ये आधी १०० दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम आला, पाठोपाठ १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्सचा. गुणांकन झालं, क्रमवारी लागली. त्यांनाही कुणीतरी पडद्यावर दाखवतं. बदली कधी होईल सांगता येत नाही, म्हणून जे मोजता येतं ते ते मोजतात. आणि ‘किती फायली तयार झाल्या’ हे सगळ्यात सोपं मोजमाप. परिणाम तुम्हीच लिहिलाय: एका विभागानं नैमित्तिक रजेच्या अर्जांच्या वेगवेगळ्या फायली करून पहिला नंबर काढला. पोरं हुशार आहेत आपली.

त्यांच्याशी भांडू नका, त्यांना दुसरा आकडा द्या. सोमवारच्या बैठकीत नको आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच नको. संध्याकाळी वेळ मागून एकट्या जा आणि म्हणा, ‘सर, मला एका प्रकारच्या प्रकरणासाठी साठ दिवस द्या. शिक्षकांची वैद्यकीय प्रतिपूर्ती. गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलापासून मंजुरीच्या आदेशापर्यंत एकही प्रिंट निघणार नाही. आधी किती दिवस लागायचे आणि आता किती, ते मी दाखवते.’ तुमच्याकडे वैद्यकीय बिलांचीच बोंब जास्त आहे असं पत्रावरून दिसतं, म्हणून ते सुचवलं. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात ते अनुकंपाचं प्रकरण असेल, कुठे बांधकामाचं देयक. प्रकार एकच घ्या, पण शेवटापर्यंत न्या. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यातलं कलम १० लोक विसरतात: कुठल्याही टेबलावर फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. कागदाच्या फाईलवर ते मोजणं म्हणजे बारनिशीची, म्हणजे आवक-जावकची, वही उलटत बसणं. ई-ऑफिसवर मात्र कुणाच्या टेबलावर किती दिवस, ते आपोआप दिसतं. तुमचंही टेबल दिसेल. मला वाटतं सीईओंना हा आकडा आवडेल, कारण एखादा शिक्षक ‘माझं बिल अकरा दिवसांत निघालं’ असं सांगत फिरला तर तो त्यांच्याच नावावर जमा होईल.

आणि त्या एका प्रकारासाठी कागद बंद करायची तारीख ठरवा. दोन्ही पद्धती बरोबरीनं चालू ठेवल्या की काम दुप्पट होतं आणि माणसं नव्यालाच शिव्या देतात. शेजारच्या कर्नाटकात, आपल्या देगलूर-उदगीरच्या पलीकडेच, ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी जमीन उतारे संगणकावर गेले. तिथे निर्णायक गोष्ट ही ठरली की तालुक्यातलं केंद्र तयार झालं की त्या तालुक्यात हातानं लिहिलेला उतारा अवैध ठरवला गेला. मागे जायचा रस्ताच बंद. मात्र तो बंद करण्याआधी नोंदींची तपासणी झाली होती. आपल्याकडेही सातबारा ऑनलाइन करताना २०१७ मध्ये चावडी वाचन, म्हणजे गावासमोर उतारे वाचून दाखवणं, घ्यावं लागलं, आणि तरी राहिलेल्या चुकांसाठी लोक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चे अर्ज घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवताहेत. तारीख ठरवा, पण तपासणी करून.

एक सवलत मात्र लेखी ठेवा. सर्व्हर बंद असेल, पंचायत समितीत लाईट नसेल, तर काय? किनवट-माहूरकडे मी पावसाळे काढलेत, तिथे ‘रेंज नाही’ हा बहाणा नसतो. तेवढ्या वेळेपुरता कागद चालेल, पण आवक क्रमांक घेऊन आणि दुसऱ्या कामाच्या दिवशी चढवून. हे लिहून ठेवलं नाही तर अपवादाचाच नियम होतो.

जाता जाता आठवलं म्हणून: पोच बंद करू नका. आपल्याकडचा माणूस प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज घेऊन येतो आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून मागतो. तो शिक्का हाच त्याचा पुरावा. एका कार्यालयात ‘आता सगळं ऑनलाइन’ म्हणून शिक्काच कपाटात ठेवला होता. शिक्का मारा आणि त्याखाली ई-ऑफिसचा क्रमांक पेनानं लिहा.

स्वेच्छानिवृत्तीचं म्हणाल तर वीस वर्षांची सेवा झाली आहे, तीन महिन्यांची नोटीस देऊन कधीही जाता येईल. तो दरवाजा कुठे पळत नाही. घरचं काही कारण असतं, तब्येत असती, तर मी ‘जा’ म्हणालो असतो. पण तुम्ही जाताय ते सोमवारच्या पडद्याला कंटाळून. तुमच्या जागी कोण येईल? कदाचित असा कुणी, ज्याला मामांनी काहीच शिकवलेलं नाही आणि जो पहिल्या आठवड्यात तीच नोटीस सही करून मोकळा होईल. साठ दिवसांचा प्रयोग करून बघा. त्यानंतरही जावंसं वाटलं तर मला कळवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो.

हे सदर वाचणारे बरेच मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी, सोसायट्यांचे सचिव आहेत. तुमचं ऑफिस दोन खोल्यांचं असेल, पण ड्रॉवर तोच आहे. शालार्थचा, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या प्रणालीचा, पासवर्ड ज्या एका तंत्रस्नेही गुरुजींकडे आहे ते गुरुजी बदलून गेले की पगारबिल अडतं. ग्रामपंचायतीच्या सह्यांची डोंगलं तिथलं संगणक केंद्र चालवणाऱ्या केंद्रचालकाच्या टेबलावर हारीनं लावलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, सरपंचाचं आणि ग्रामसेवकाचं शेजारी शेजारी, वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मदत जरूर घ्या, केंद्रचालकाला शेजारी बसवा, त्याच्याकडून शिका. पिन टाकताना त्याला जरा तिकडे बघायला सांगा. तुमची सही असलेली शेवटची दहा प्रकरणं एकदा उघडून वाचा. त्यात एखादं अनोळखी निघालं तर ते त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा. उशीर झाला तर ते तुमचंच होतं.

ज्यांना कागदाची सुधारणा आधी हवी की संगणकाची असा वाद घालायचा आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयाची जी फेररचना केली, ती पुढे ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. तेव्हा टेबलांवर संगणक नव्हते. दप्तराचं वर्गीकरण, कुणाचं काम काय, कुणी कुठे बसायचं आणि लोकांनी कुठे यायचं, एवढ्यावर ती उभी होती. तुमच्याकडे आज संगणक आहेत, पण ही बाकीची उत्तरं कुणाला येतात असं विचाराल तर तुमच्या ऑफिसात बहुतेक एकाच माणसाकडे बोट जाईल.

ताई, मामांच्या नोटिशीचा मसुदा तुम्ही पत्रासोबत पाठवलाय, मी तपासून द्यावा म्हणून. भाषा शुद्ध आहे, संदर्भ बरोबर आहेत. तिसऱ्या परिच्छेदात ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द आहे, त्याला पुरावा काय जोडणार ते तेवढं लिहिलेलं नाही. तोवर राहू द्या पेन्सिलीत.